दुसरी भरती

कोकणात खाडीकाठच्या जुन्या माणसाला भरतीची वेळ विचारली, तर तो आधी तिथी विचारतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हा हिशेब आमच्याकडे पाढ्यांबरोबरच तोंडपाठ होई. चंद्र पाणी ओढतो, एवढे उत्तर लहानपणी पुरेसे वाटते. मग कधीतरी मनात येते की चंद्र तर दिवसातून एकदाच डोक्यावर येतो. मग भरती दोनदा का? चंद्र पृथ्वीच्या पार पलीकडे, आपल्या पायांखाली असतो, तेव्हा पाणी वर कशाला चढते? मी हे घरी विचारले तेव्हा कोणाकडेच उत्तर नव्हते. ते मला नीट उमगले फार उशिरा, दीर्घिकांविषयी वाचताना.

उत्तर न्यूटनने 1687 मध्ये देऊन ठेवले होते. चंद्र पृथ्वीला ओढतो, पण सगळीकडे सारखा ओढत नाही. त्याच्याकडच्या बाजूचे पाणी जवळ, म्हणून जास्त ओढले जाते. पृथ्वीचे केंद्र त्याहून कमी, आणि पलीकडचे पाणी सगळ्यांत कमी. म्हणजे अलीकडचे पाणी पृथ्वीच्या पुढे जाते आणि पलीकडचे मागे राहते. मागे राहिलेले ते पाणी म्हणजेच दुसरी भरती. भरती ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. अंतर दुप्पट झाले तर ओढ चौथाईवर येते, पण हा फरक आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या पावणेदोनशे पटींच्या घरात असूनही सूर्याची भरती चंद्राच्या निम्म्याहून कमी. भरतीच्या बाबतीत आकारापेक्षा जवळीक मोठी ठरते.

आता एक छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. अरुंधती केश या तारकासमूहात, सुमारे 30 कोटी प्रकाशवर्षांवर, दोन दीर्घिका शेजारी शेजारी आहेत. दोघींनाही शेपूट आहे. एकीचे सरळ, सडपातळ आणि इतके लांब की दीर्घिकेचे अंग त्यापुढे आखूड वाटावे. खगोलशास्त्रज्ञ या जोडीला उंदीर म्हणतात. आपल्या हस्त नक्षत्राच्या भागातही अशीच एक जोडी आहे. तिच्यातून दोन वाकडे तंतू बाहेर निघतात, कीटकाच्या मिशांसारखे. ही शेपटे तारे आणि वायू यांची आहेत, लाखो प्रकाशवर्षे लांबीची. ती कशी आली, या प्रश्नाचे उत्तर मिळायला विसाव्या शतकाची सत्तरी उजाडावी लागली. नियम मात्र जवळजवळ 300 वर्षे पुस्तकात होता. ज्ञात नियम आणि त्यातून निघणारे चित्र यांच्यात एवढे अंतर का पडावे, हा प्रश्न मला त्या शेपटांइतकाच विलक्षण वाटतो.

सुरुवात एका रेखाटनाने झाली. आयर्लंडमध्ये बिर येथे लॉर्ड रॉस यांनी 72 इंची आरशाची दुर्बीण उभारली आणि 1845 च्या वसंतात तिच्यातून एक तेजोमेघ पाहिला. सप्तर्षींच्या शेपटाच्या टोकाला मरीची आहे, त्याच्या जरा खाली तो दिसतो. मेसियेच्या यादीत त्याचा क्रमांक 51. रॉस यांनी काढलेल्या चित्रात पाण्याच्या भोवऱ्यासारखे फाटे आहेत आणि एका फाट्याच्या टोकाशी दुसरा, छोटा गोळा. भोवऱ्याची कीर्ती जगभर झाली. गोळ्याकडे मात्र सोबती म्हणून पाहिले गेले, कारण म्हणून नाही. त्या काळी हे तेजोमेघ काय आहेत हेच ठाऊक नव्हते, त्यामुळे यात त्यांचा दोष काही नाही.

1920 च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ हबलने देवयानी या तेजोमेघाचे अंतर काढले आणि असे तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेरची, तिच्याच तोडीची विश्वे आहेत हे पक्के झाले. मग त्याने त्यांची वर्गवारी केली: लंबगोल, सर्पिल, मधोमध दांडा असलेल्या सर्पिल. ही वर्गवारी इतकी सोयीची होती की आजही शिकवली जाते. पण तिने नकळत एक समजूत रुजवली. प्रत्येक दीर्घिका एकटी, आपल्या जागी, आपल्या घडणीप्रमाणे वाढणारी. आकार जन्मजात. ज्यांचे आकार कुठल्याच रकान्यात बसत नव्हते त्या थोड्या होत्या आणि त्यांना वेगळ्या कप्प्यात ठेवणे सोपे होते.

खरे तर दीर्घिका एकाकी असणे अवघडच आहे. सूर्य म्हणजे ज्वारीचा दाणा मानला आणि तो पुण्यात ठेवला, तर शेजारच्या ताऱ्याचा दाणा मुंबईच्या आसपास ठेवावा लागेल. तारे एकमेकांपासून इतके दूर आहेत. आता आपली आकाशगंगा म्हणजे एक भाकरी माना. देवयानीची भाकरी साधारण 20 फुटांवर येईल, म्हणजे त्याच घरात. दीर्घिका आपल्या आकाराच्या मानाने एकमेकींच्या फार जवळ राहतात. दोन दीर्घिका एकमेकींतून आरपार गेल्या तरी ताऱ्यावर तारा आदळणार नाही. पण दीर्घिकेजवळून दीर्घिका जाणे हे विश्वाच्या आयुष्यात नेहमीचेच म्हणायला हवे. या दोन हिशेबांमधल्या तफावतीकडे पुरेसे लक्ष गेले नव्हते.

ज्याचे गेले तो स्वीडनमधल्या लुंडचा एरिक होल्मबर्ग. त्याने 1937 मध्ये जोडदीर्घिकांवर प्रबंध लिहिला होता. दोन दीर्घिका जवळून गेल्या तर काय होईल, हे त्याला मोजायचे होते. पण प्रत्येक दीर्घिकेचे थोडेसेच तुकडे कल्पिले तरी प्रत्येकावर बाकी सगळ्यांची ओढ काढायची, बेरीज करायची, तुकडा थोडा सरकवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. संगणक नव्हते. होल्मबर्गच्या ध्यानात आले की प्रकाशही गुरुत्वासारखाच अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मंदावतो. मग बेरीज प्रकाशालाच करू द्यावी! त्याने एकेका दीर्घिकेसाठी 37 असे 74 विजेचे दिवे मांडले. दिव्याची प्रखरता म्हणजे वस्तुमान. एक दिवा काढायचा, त्या जागी प्रकाश मोजणारे उपकरण ठेवायचे, ते निरनिराळ्या दिशांना वळवून उजेड टिपायचा. जिकडून उजेड जास्त तिकडे ओढ जास्त. त्या हिशेबाने दिवा सरकवायचा, मग पुढचा दिवा.

1941 मध्ये त्याने निष्कर्ष छापले. महायुद्धाने पेटलेल्या युरोपात एक माणूस अंधाऱ्या खोलीत दिवे सरकवत बसला होता आणि त्या दिव्यांतून त्याला दिसले की दीर्घिका जवळून जाताना एकमेकींना विस्कटतात, फाट्यांसारखे आकार उमटतात, आणि जाण्याच्या वेगातली काही ऊर्जा त्या विस्कटण्यात खर्ची पडून दोघी एकमेकींशी बांधल्याही जाऊ शकतात. विज्ञानातल्या प्रयोगांत मला याहून सुंदर प्रयोग क्वचितच भेटला. तो नंतर बराच काळ बाजूला पडून राहिला, याचे मला आजही वाईट वाटते.

पुढच्या पंचवीस वर्षांत पुरावा साचत गेला. फ्रिट्झ झ्विकीने दीर्घिकांमधले प्रकाशाचे पूल छायाचित्रांत टिपले आणि ते भरतीचेच काम आहे असे सांगितले. मॉस्कोच्या बोरिस व्होरोंत्सोव्ह-वेल्यामिनोव्ह यांनी 1959 मध्ये परस्परांवर परिणाम करणाऱ्या 355 दीर्घिकासमूहांचा चित्रसंग्रह काढला. अमेरिकेत हाल्टन आर्पने पालोमारच्या 200 इंची दुर्बिणीचा उपयोग करून विलक्षण आकारांच्या 338 नोंदींचा संग्रह 1966 मध्ये प्रसिद्ध केला. आर्पची ती छायाचित्रे पाहताना आजही श्वास रोखला जातो. ज्यांना हबलच्या रकान्यांत जागा नव्हती त्यांना त्याने आपले सगळे लक्ष दिले.

आणि या दोन्ही थोर संग्राहकांना भरतीचे स्पष्टीकरण मान्य नव्हते. व्होरोंत्सोव्ह-वेल्यामिनोव्ह यांना वाटे की गुरुत्वाने एवढे बारीक, एवढे लांब तंतू निघणार नाहीत. दुसरेच कोणते तरी बल हवे. चुंबकीय क्षेत्रांचीही चर्चा होती. आर्पला वाटे की दीर्घिकांच्या गाभ्यातून द्रव्य बाहेर फेकले जाते आणि त्यातून नव्या दीर्घिका जन्मतात. पुढे त्याने वर्णपटातल्या रेषांच्या सरकण्यावरून अंतर काढण्याच्या पद्धतीवरच शंका घेतली. आपल्या जयंत नारळीकरांनी आर्पबरोबर या दिशेने शोधनिबंध लिहिले, हे मराठी वाचकाला माहीत असावे. बहुतेक शास्त्रज्ञांनी तो मार्ग स्वीकारला नाही आणि पुरावाही त्या बाजूला गेला नाही. तरीही आर्पचा संग्रह मला त्याच्या मतापेक्षा मोठा वाटतो. त्याने जे टिपले ते इतके प्रामाणिक होते की त्याच्या विरुद्ध मताच्या लोकांना सगळ्यांत चांगला पुरावा त्यातच सापडला.

शंका घेणाऱ्यांचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. भरती म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो पाण्याचा रुंद, बसका फुगवटा. ओढून ओढून फार तर गोळ्याचे अंडे होईल. त्यातून वेताच्या छडीसारखे शेपूट कसे निघेल? आणि निघालेच तर ते ओढणाऱ्याच्या दिशेने निघायला हवे. छायाचित्रांत तर शेपटे सोबतीणीकडे पाठ करून उलट दिशेला पसरलेली. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: चंद्र इकडे असताना पाणी तिकडे का चढते?

हिशेबाचे काम अधूनमधून होत होते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत फ्लाइडरर आणि झीडेनटोप्फ यांनी संगणकावर अशा भेटी मांडल्या. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे सालेह मोहम्मद अल्लादिन यांनी 1965 मध्ये दीर्घिकांच्या टकरींच्या गतिशास्त्रावर निबंध लिहिला आणि पुढे आयुष्यभर तो विषय जोपासला. पण चित्र पालटले ते 1972 मध्ये, दोन भावांमुळे. अलार आणि युरी तूम्रे. एस्टोनियात जन्मलेले, युद्धानंतर लहानपणी कुटुंबाबरोबर अमेरिकेत आलेले. अलार एमआयटीमध्ये होते, युरी न्यूयॉर्कमध्ये.

त्यांची मांडणी जवळजवळ अपुरी वाटावी इतकी साधी होती. दीर्घिकेचे सगळे वस्तुमान मध्यबिंदूत मानायचे, भोवती ताऱ्यांच्या जागी वजनरहित कण वर्तुळांत फिरते ठेवायचे, आणि दुसरा बिंदू जवळून जाऊ द्यायचा. कण एकमेकांना ओढत नाहीत. ते फक्त दोन मध्यबिंदूंची ओढ जाणतात. कण मोजके, शंभराच्या घरातले. होल्मबर्गचे दिवे निदान एकमेकांना ओढत तरी होते. पण तूम्रे बंधूंनी सोडून काय द्यायचे हे अचूक ओळखले होते, आणि त्यामुळे एकामागून एक अनेक भेटी तपासून पाहणे त्यांना शक्य झाले: जवळून, लांबून, तिरकी, फिरण्याच्या दिशेने, उलट दिशेने.

यात दिशेची गोष्ट निर्णायक ठरली. सोबतीण उलट दिशेने गेली तर कणांना जेमतेम धक्का बसतो. पण ती दीर्घिकेच्या फिरण्याच्याच दिशेने गेली, तर काही काळ कण आणि सोबतीण बरोबरीने चालतात. झोका पुढे जाताना त्याच क्षणी रेटा द्यावा तसा प्रकार. ओढ तेवढीच, पण ती एकाच बाजूने लागत राहते आणि साचत जाते. मग अलीकडच्या बाजूचे कण सुटून सोबतीणीकडे पूल बांधतात. पलीकडच्या बाजूचे मागे राहतात, सुटतात आणि शेपूट होऊन दूर पांगतात. दोघी तुल्यबळ असल्या तर पुलाचा बराच भाग खाली कोसळतो आणि दोन शेपटे उरतात. त्या उंदरांची शेपटे म्हणजे दोघींची दुसरी भरती.

बारीकपणाचेही उत्तर मिळाले. दीर्घिकेची तबकडी मुळातच पातळ, म्हणून तिच्यातून निघालेला पट्टाही पातळ. तो कडेने पाहिला की दोरीसारखा दिसतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे शेपूट भेटीच्या क्षणी तयार होत नाही. भेटीत फक्त वेग बदलतात. सोबतीण निघून गेल्यावर कोट्यवधी वर्षे ते कण आपापल्या वाटेने जात राहतात आणि शेपूट लांबत जाते. पाण्याची भरती चंद्र सरकला की ओसरते. ही भरती ओढणारा निघून गेल्यावर वाढते. शंका घेणारे बसक्या फुगवट्यावर थांबले होते, कारण ते त्या क्षणाचाच विचार करत होते. तूम्रे बंधूंनी चित्राला पुढे चालू दिले. त्यांनी उंदीर, हस्तातली जोडी आणि रॉसचा भोवरा यांच्या भेटी पुन्हा घडवून दाखवल्या. भोवऱ्याच्या टोकाचा तो गोळा फाट्याला टेकलेला नाही. तो जवळून जाऊन आता मागच्या बाजूला आहे.

तूम्रे बंधूंच्या 1972 च्या त्याच निबंधात एक धाडसी सूचना होती: अशा दोन सर्पिल दीर्घिका शेवटी मिसळून लंबगोल होत असतील. हबलच्या वर्गवारीच्या मुळालाच हात घालणारी ही गोष्ट. आकार जन्मजात नसून घडलेला. एका रकान्यातून दुसऱ्यात जाता येते. पण मिसळायचे तर आधी वेग कमी व्हायला हवा आणि वजनरहित कण काही वेग कमी करू शकत नाहीत. हा दुवा आपल्याकडच्या माणसाने आधीच जोडून ठेवला होता. लाहोरला जन्मलेले, मद्रासला शिकलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1943 मध्ये दाखवले होते की ताऱ्यांच्या गर्दीतून जाणाऱ्या जड वस्तूला घर्षणासारखा अडथळा होतो. वाटेतले तारे तिच्याकडे ओढले जातात, पण ते पोचेपर्यंत ती पुढे गेलेली असते. म्हणून तिच्या मागे दाटी होते आणि ती दाटी तिला मागे खेचते. 1970 च्या दशकात व्हेरा रुबिन आणि इतरांच्या निरीक्षणांतून दीर्घिकांभोवती न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचे विशाल आवरण असल्याचे पटू लागले. मग अडथळा पुरेसा होतो की नाही ही शंका उरली नाही. दिसणाऱ्या तबकड्या भेटण्याच्या पुष्कळ आधी ही आवरणे एकमेकांत शिरलेली असतात.

1977 मध्ये अलार तूम्रे यांनी अशा 11 जोड्या क्रमाने मांडल्या: नुकत्याच भेटलेल्या, गुंतलेल्या, आणि शेवटी एकच अंग उरलेले पण दोन शेपटे अजून शाबूत. विश्वाच्या वयाच्या मानाने शेपूट थोडाच काळ दिसते. आज इतक्या जोड्या दिसतात म्हणजे आजवर मिसळून गेलेल्यांची संख्या शेकड्यांत असणार, आणि लंबगोल दीर्घिकाही साधारण तितक्याच. कोणाच्याही आयुष्यात दीर्घिकेची भेट पूर्ण होताना दिसणार नाही. पण रानात एका दिवसात बी, रोप, झाड आणि ओंडका पाहून झाडाचे आयुष्य सांगता येते, तसा हा युक्तिवाद. त्यावर बरेच दिवस वाद झाला. लंबगोल दीर्घिकांचा इतिहास त्याहून गुंतागुंतीचा आहे हे आज माहीत आहे, पण मुख्य कल्पना टिकली.

तारे आदळत नाहीत, वायू मात्र आदळतो. ज्वारीच्या दाण्यांचा हिशेब वायूला लागू नाही. 1978 मध्ये रिचर्ड लार्सन आणि बिआट्रिस टिन्स्ली यांनी आर्पच्या संग्रहातल्या दीर्घिकांचे रंग तपासले आणि त्यांत ताऱ्यांच्या जन्माचे अचानक आलेले लोट ओळखले. हबल दुर्बिणीने 1997 मध्ये हस्तातल्या जोडीची जी प्रतिमा दिली तीत हजाराहून अधिक तरुण तारकागुच्छ मोजता आले. या जोडीकडे आधी विध्वंसाचे चित्र म्हणून पाहण्याची सवय होती. मला ते आता एवढ्याच शब्दांत सांगता येत नाही.

आपली आकाशगंगाही या सगळ्यातून गेली आहे. 1994 मध्ये धनू राशीच्या दिशेला, आकाशगंगेच्या केंद्रापलीकडे, एक लहान दीर्घिका सापडली. ती आपल्यात विरघळते आहे. तिचे तारे आकाशगंगेभोवती गुंडाळलेल्या लांब पट्ट्यांत पसरले आहेत. 2018 मध्ये गाया उपग्रहाने मोजलेल्या ताऱ्यांच्या गतीवरून अमिना हेल्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की सुमारे 1000 कोटी वर्षांपूर्वी एक बरीच मोठी दीर्घिका आपल्यात मिसळली होती. तिचे तारे अजून सूर्याच्या परिसरातून जातात, फक्त त्यांची चाल वेगळी. त्यांच्या चालीवरून त्यांचे माहेर ओळखता येते.

मार्गशीर्षात रात्री आठच्या सुमारास देवयानी डोक्यावरून जरा उत्तरेला येते. गावी वीज गेली की नुसत्या डोळ्यांनीही तो फिकट ठिपका दिसतो. ती आपल्याकडे येते आहे हे खगोलशास्त्रज्ञ स्लायफरने 1912 मध्येच मोजले होते. 2012 मध्ये हबल दुर्बिणीने तिची आडवी चाल मोजली आणि सुमारे 400 कोटी वर्षांनी टक्कर होणार असे जाहीर झाले. 2025 मध्ये हिशेब पुन्हा मांडला गेला. या वेळी आजूबाजूच्या लहान शेजाऱ्यांनाही धरले. आपल्याजवळचा मोठा मॅगेलनी मेघ टकरीची शक्यता कमी करतो, त्रिकोण तारकासमूहातली मेसिये 33 ती वाढवते. पुढच्या 1000 कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता निम्मी-निम्मी निघाली.

देवयानीपासून मिराक या ताऱ्यापर्यंत जेवढे अंतर, जवळजवळ तेवढेच मिराकच्या पलीकडे गेले की मेसिये 33 सापडते. अंधाऱ्या रात्री साध्या दुर्बिणीतून ती धुक्याच्या पुंजक्यासारखी दिसते. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिच्या तबकडीबाहेर फार मंद ताऱ्यांचा एक वाकडा पट्टा आढळला. तो देवयानीशी झालेल्या जुन्या भेटीचा असावा की नाही, यावर अजून एकमत नाही. त्याचे एक टोक देवयानीच्या बाजूला आहे, आणि दुसरे पलीकडे.